मुक्या जनावराचे शिक्षण आणि आपला अधिकार

पुढील दत्तजयंतीस श्रींची पालखी खांद्यावरून न नेता दोन घोड्यांच्या सजविलेल्या रथातून कोसाड परिसरात मिरवावी, अशी सूचना मंडळाच्या काही उत्साही सभासदांनी मांडली आहे, हे बहुतेक कुटुंबांना ठाऊक आहेच. सूचनेवर बैठकीत बरीच चर्चा झाली. एका पक्षाचे म्हणणे असे की, रथ आणि अश्व ही देवाची परंपरागत शोभा असून सुरतेसारख्या संपन्न नगरीत आपल्या मंडळाने तेवढी हौस करण्यास काही हरकत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, मुक्या जनावरास गर्दीत, ढोलताशात आणि फटाक्यांत उभे करणे हे क्रौर्य आहे, त्यापेक्षा टेम्पो बरा. उभय पक्ष सद्भावनेनेच बोलत होते. परंतु ज्या दोन घोड्यांविषयी बोलणे चालले होते त्यांची ओळख फार थोड्यांना होती, असे मला नम्रपणे वाटले.

मी वयाने आणि अधिकारानेही लहान आहे. वडील मंदिरात पूजा करतात म्हणून माझ्या मतास काही विशेष वजन यावे असे मुळीच नाही. तथापि या प्रश्नाच्या तळाशी आणखी एक प्रश्न आहे, आणि तो मिरवणुकीपुरता नाही. ज्या प्राण्यास बोलता येत नाही, त्याची इच्छा आपल्या इच्छेकडे वळविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? आणि शिकविलेली घोडी शांतपणे रथाला उभी राहते, तेव्हा तिने आपणांस होकार दिला असे समजावे, की तिच्या नकाराची शक्ती आपण काढून घेतली असे समजावे?

आपल्या धर्मात घोड्यास तोटा नाही. सूर्याच्या रथाला सात घोडे आहेत, जेजुरीचा खंडेराव घोड्यावर बसतो, दसऱ्याला घोड्याला झेंडूची माळ घालून हळदकुंकू वाहतात. विराटाच्या घरी अज्ञातवासात राहताना नकुलाने ग्रंथिक हे नाव घेऊन अश्वशाळेची चाकरी पत्करली. राजपुत्राला ते काम हलके वाटले नाही. मराठ्यांचा तर सारा इतिहासच घोड्याच्या पाठीवर घडला. स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर, हा भेद शाळेत आपण सर्वांनी पाठ केला आहे. १६६४ आणि १६७० साली महाराजांचे सैन्य सुरतेस आले ते घोड्यांवरून. आपले वाडवडील आले ते भुसावळच्या गाडीने आणि मागावर उभे राहिले, एवढाच काय तो फरक! विनोद सोडला तरी गोष्ट खरी आहे की, घोडा आपल्या बोलण्यात, चित्रांत आणि देवळांत पुष्कळ उरला आहे, आणि प्रत्यक्ष परिचयातून जवळजवळ गेला आहे. शहरातील घोडदोड रोडवरून आपण नित्य जातो, पण तेथे आता मोटारीच धावतात.

घोड्याविषयी आपण जे बोलतो तेही बहुधा रूपकातून बोलतो. कठोपनिषदात यमाने नचिकेताला सांगितलेले रथाचे रूपक कीर्तनातून आपण अनेकदा ऐकले आहे. शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे. त्यामुळे घोडा म्हटला की आवरण्याची वस्तू, असा एक संस्कार आपल्या मनावर नकळत होऊन बसतो. पण ते रूपक नीट ध्यानी घेतले, तर त्यात दोष घोड्यांना दिलेला नाही. सारथी अजाण असेल, लगाम त्याने धरलाच नसेल, तर घोडे अनावर होतात. सारथी जाणता असेल तर तेच घोडे चांगले ठरतात. म्हणजे घोड्याच्या चांगलेपणाची जबाबदारी उपनिषदाने सारथ्याच्या पदरात टाकली आहे. रूपकातील घोडे मारून मुटकून सरळ करण्याची भाषा तेथे नाही. मला वाटते, ज्याने ते रूपक प्रथम योजिले त्याने घोडा जुंपताना जवळून पाहिला असावा.

आता प्रत्यक्षाकडे येतो. नंदुरबार जिल्ह्यात शहादे तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडा हे गाव आहे. जी तापी आपल्या सुरतेजवळून समुद्रास मिळते तीच तेथे आधी भेटते. तेथील एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीस सुरू होते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार भरतो. या बाजाराची परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची सांगतात. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी अशा अनेक जातींची जनावरे तेथे येतात. ज्यांच्या कानांची टोके आत वळून एकमेकांस भिडतात ती काठेवाडी-मारवाडी घोडी लांबूनच ओळखू येते. नुकरा म्हणजे पांढऱ्या घोड्यास लग्नाच्या वरातीमुळे मागणी फार. आपल्याकडील अनेक खानदेशी कुटुंबे भुसावळ मार्गावरील दोंडाईचा स्थानकावर उतरून दरवर्षी या यात्रेस जातात. दर्शन दत्ताचे, आणि बाजार पाहणे ही मुलांची हौस.

आपल्या सभासदांपैकी एक वृद्ध गृहस्थ लग्नाच्या बग्गीचा व्यवसाय करतात. त्यांचे नाव येथे लिहू नये अशी त्यांचीच इच्छा आहे. त्यांच्या घराण्यात चाबूकस्वारी, म्हणजे नवी घोडी शिकविण्याची विद्या, वडिलोपार्जित आहे. गेल्या यात्रेत त्यांनी चार-चार वर्षांच्या दोन घोड्या खरेदी केल्या. दत्तजयंतीनंतर थोड्याच दिवसांत गुजरातेत कमुरता लागतो आणि संक्रांतीपर्यंत लग्ने बंद असतात. बग्गी रिकामी, माणसे मोकळी आणि हवा थंड. नवे जनावर शिकविण्यास याहून योग्य काळ नाही. उन्हाळ्यात घोडी लवकर दमते, माशा सतावतात, आणि दमलेल्या जनावरास शिकवू गेले तर ते फक्त कंटाळा शिकते. बैठकीतील वाद ऐकल्यावर मी काकांना विचारले की, एक दिवस मला पाहू द्याल काय? ते म्हणाले, “महाराज, पाहायचे तर पहाटे पाचला यावे लागेल. तुमच्या काकडआरतीची सवय आहे म्हणून बोलावतो.”

कोसाडच्या पलीकडे अजून काही शेते शिल्लक आहेत. पौषातील त्या पहाटे तेथे धुके इतके होते की घोड्यांच्या आधी त्यांचे फुरफुरणे ऐकू आले. तिघी बांधलेल्या होत्या. राणी आणि मैना या नव्या, आणि त्यांच्या शेजारी चांदणी नावाची अठरा वर्षांची जुनी घोडी. काकांनी प्रथम काही शिकविले नाही. भिजविलेल्या हरभऱ्याची चंदी तोबऱ्यातून दिली, मग खरारा घेऊन मानेपासून खुरापर्यंत तासभर अंग चोळले. मला वाटले ही नित्याची स्वच्छता. ते म्हणाले, “हा पहिला धडा आहे. माझा हात अंगावर कुठेही फिरला तरी काही वाईट होत नाही, हे तिला कळले पाहिजे. ते कळल्याशिवाय खोगीर घातले तर तिला वाटते वाघच पाठीवर पडला.” घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे, त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असून त्यास जवळजवळ सभोवार दिसते, पण अगदी मागचे दिसत नाही. आणि आपण त्याला गाडीस जुंपतो म्हणजे नेमके न दिसणाऱ्या जागी एक खडखडणारी वस्तू बांधून देतो. हे मी त्या दिवसापूर्वी कधी मनात आणले नव्हते.

लगाम चढविण्यापूर्वी काकांनी त्याचे लोखंडी कडियाळे दोन्ही तळहातांत धरले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मला कारण कळेना. थंडीने लोखंड बर्फासारखे झाले होते; ते तसेच तोंडात घातले तर घोडी दुसऱ्या दिवशी तोंड उघडणार नाही, असे त्यांनी सांगितले. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने पौषातील पहाटे आपल्या हाताची ऊब एका लोखंडाला द्यावी आणि ते एका घोडीला थंड लागू नये म्हणून! त्यात काकांना विशेष काही वाटत नव्हते. धंद्याची रीत एवढेच. मला मात्र आमच्या घरी हिवाळ्यात मूर्तीस स्नानासाठी कोमट पाणी काढतात त्याची आठवण झाली.

मग लांब दोरीवर रिंगण सुरू झाले. काका मध्यभागी उभे, आणि राणी त्यांच्याभोवती प्रथम चालत, मग दुडकीने फिरे. उजवीकडून जितके तितकेच डावीकडून, म्हणजे अंग एका बाजूस आखडत नाही. येथे एक गोष्ट मी ध्यान देऊन पाहिली. दोरी ताणून काका तिला वळण्यास सांगत, आणि तिने नुसता कान वळविला, एक पाऊल आत टाकले, की तत्क्षणी दोरी सैल होई. मी विचारले, तिने अजून पुरते केलेही नाही, तोच दोरी का सोडता? त्यावर ते म्हणाले, “ओढण्याने ती काही शिकत नाही, महाराज. ओढले की ती फक्त विचारात पडते, हा काय मागतो? दोरी सुटली की तिला उत्तर सापडते. मी सोडायला चुकलो तर दिवसभर ओढत बसेन आणि तिचे तोंड दगड होईल.”

नऊच्या सुमारास ऊन पडले आणि जुंपण्याचा पाठ सुरू झाला. गाडी नव्हे, आधी खांद्याला पट्टा चढवून दोन दोरांनी मागे एक लाकडाचा ओंडका बांधला. मैना दोन पावले चालली, ओंडका ढेकळांवर घासत आवाज करू लागला, आणि ती बुजली. मान वर, नाकपुड्या फुगलेल्या, अंगभर थरथर. चाबूक काकांच्या काखेत होता, पण तो तेथेच राहिला. त्यांनी दोर सोडले, तिला वळवून त्या ओंडक्यापाशी आणले आणि हुंगू दिले. तिने हुंगले, पायाने खरवडले, पुन्हा हुंगले. पुन्हा दोर बांधले. हे पाच वेळा झाले. पाचव्या वेळी ती ओंडका घेऊन बांधापर्यंत गेली. त्यानंतर तिला अधिक काही सांगितले नाही. खोगीर-पट्टे उतरवून सोडून दिले. दिवस अजून पुष्कळ उरला होता आणि मला वाटत होते आता गाडी जोडतील. पण जमले तेथेच थांबावयाचे, असा त्यांचा नियम दिसला.

राणीचा पाठ याहून निराळा. तिला काकांनी ओंडक्याला चांदणीच्या जोडीने जुंपले. ओंडका मागे खडखडला, राणीने डोळे पांढरे केले आणि शेजारी पाहिले. चांदणी ढिम्म चालत होती. तिला त्या आवाजाची सतरा वर्षांची ओळख. राणीने काही पावले वेडीवाकडी टाकली आणि मग चांदणीच्या चालीशी चाल मिळविली. काका त्या वेळी बोललेही नाहीत. त्यांच्या वडिलांच्या काळापासून नव्या जनावराला जुन्याच्या शेजारी जुंपतात, आणि निम्मे काम ते जुने जनावरच करते. आपण सत्संगाचे माहात्म्य माणसांपुरते सांगतो!

दुपारी, वैरणपाणी व विश्रांती झाल्यावर, नुकत्याच नांगरलेल्या रानात मैनेवर मला बसविण्यात आले. नांगरट अशासाठी की, त्यात घोडी उधळली तरी लवकर दमते आणि पडणाऱ्यास मऊ जमीन मिळते. काकांचा नातू पुढे मोरकी धरून चालत होता, म्हणून माझ्या स्वारीचे कौतुक करण्याचे कारण नाही. पण पाठीवर बसल्यावर एक गोष्ट जाणवली, जी खालून दिसत नव्हती. मी डावीकडे पाहिले की तिचा डावा कान वळे. मी श्वास रोखला की तिची पाठ ताठ होई. ती सारा वेळ मला वाचीत होती. मी तिला आज्ञा देण्यास बसलो होतो, पण माझी आज्ञा देण्याची शक्ती तिच्या ऐकण्याच्या तयारीवर उभी होती. तिने ऐकावयाचे नाही असे ठरविले असते तर मी, नातू आणि मोरकी मिळून काय करणार होतो?

संध्याकाळी चंदी देताना दूर झाडापाशी एक मुलगा ढोलकी वाजवू लागला, आधी अगदी हळू. दररोज तो चार पावले जवळ येतो. वाद्याच्या आवाजाची सांगड खाण्याशी पडते आणि लग्नाच्या हंगामापर्यंत घोडी बँडशेजारी उभी राहते. फटाक्यांचे काय, असे मी विचारले. काका म्हणाले, “त्याला शिक्षण नाही. त्याला फक्त झापडे आणि नशीब.”

येथवर पाहिलेले लिहिले. आता विचार.

घोड्याच्या शिक्षणाचे शहाणपण आपल्यापुरतेच आहे असे नाही. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने अश्वारोहणावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सांगितले आहे की, घोडा एखाद्या वस्तूस बुजला तर त्याला मारू नये, हळूच तिच्याजवळ न्यावे. मारले तर ते दुःख त्या वस्तूपासूनच आले असे त्यास वाटते आणि भय दुप्पट होते. काकांनी झेनोफनचे नाव ऐकलेले असण्याचा संभव नाही. युरोप-अमेरिकेच्या थंड देशांत नांगर ओढणाऱ्या घोड्यांच्या अवजड जाती आहेत, एकेक जनावर आपल्या दोन घोड्यांच्या वजनाचे. तेथेही शेतीची कामे थंडावलेल्या हिवाळ्यात तरुण घोड्यांना बर्फावरील घसरगाडीस जुंपून शिकवितात, आणि तेथेही जुन्या घोडीशेजारी नवी जुंपण्याची रीत आहे. आपल्याकडे नांगर बैलाने वाहिला, म्हणून पोळा बैलाच्या वाट्याला आला. घोड्याला दसरा मिळाला, पण घोड्याचा दसरा सरदाराच्या घोड्याचा. टांग्याच्या घोडीचा सण कोणता, हे मला सापडले नाही.

तेव्हा पहिला प्रश्न असा. चांगल्या रीतीने, भय न घालता शिकविलेली घोडी जे करते, ते तिच्या संमतीने करते काय? माझे उत्तर, पुरतेपणी नाही. विश्वास आणि संमती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मैनेने ओंडका ओढला कारण तिला त्याचे भय उरले नाही आणि काकांवर तिचा विश्वास बसला. पण ओंडक्यानंतर गाडी आहे, गाडीनंतर मोसमातील वीस-पंचवीस लग्ने आहेत, हे तिला कोणी सांगितले नाही आणि सांगता येणारही नाही.

यावर कोणी म्हणेल, मुलांना तरी आपण कोठे विचारतो? हा आक्षेप मला जवळचा आहे. आठव्या वर्षापासून हिवाळ्यात पहाटे उठवून मला रुद्र आणि पुरुषसूक्त पाठ करावयास बसविले गेले. माझी संमती कोणी घेतली नव्हती, आणि माझेही डोळे राणीसारखे पांढरे झाले असतील. आज ते पाठांतर मला धन वाटते. पण येथेच माणूस आणि जनावर यांतील भेद आहे. अठरा-वीस वर्षांचा झाल्यावर मला वडिलांना सांगता आले असते की, मला पौरोहित्य करावयाचे नाही, मी मिलमध्ये नोकरी धरतो. माझे काही सोबती तसे बोललेही, आणि त्यांच्या वडिलांनी ते मानले. मुलाच्या शिक्षणात जी सक्ती असते तिचा हिशेब मूल मोठे होऊन एक दिवस मागू शकते. घोडी कधीच मागणार नाही. म्हणून तिचा हिशेब मागणाराही आपणच आणि देणाराही आपणच, अशी विचित्र स्थिती आहे. आणि ज्या व्यवहारात दुसरा पक्ष कधी तोंड उघडणार नाही, त्यात फसवणूक फार सोपी असते हे व्यापाराच्या या नगरीत मी अधिक सांगावयास नको.

याचा अर्थ जनावरास कामास लावणेच पाप, असे मला म्हणावयाचे नाही. महाभारतात द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशीचा एक प्रसंग आहे. सूर्यास्तापूर्वी जयद्रथ सापडला नाही तर अर्जुन अग्निप्रवेश करणार, अशी प्रतिज्ञा झालेली. प्रत्येक घटका मोलाची. आणि त्या दिवशी, रणांगणाच्या मध्यभागी, घोडे थकले आणि बाणांनी विद्ध झाले हे ध्यानी येताच रथ थांबविण्यात आला. अर्जुन जमिनीवर उभा राहून लढला. त्याने बाणांनी भूमी भेदून पाणी काढले आणि बाणांचाच निवारा उभा केला. भगवंतांनी स्वतः घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण उपटले, त्यांना धुतले, पाणी पाजले, चारा दिला, आणि मग पुन्हा जुंपले. पुन्हा जुंपले, हेही विसरू नये. भगवंतांनी घोड्यांना युद्धातून मोकळे केले नाही. पण ज्या दिवशी मित्राचा प्राण पणास लागला होता त्या दिवशीही घोड्यांची तहान पुढे ढकलण्याजोगी त्यांना वाटली नाही. गीता सांगणारा सारथी तो हाच.

आपल्या सरकारने हीच गोष्ट कायद्याच्या रुक्ष भाषेत लिहिली आहे. १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि १९६५ साली ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांनुसार दिवसात नऊ तासांहून अधिक काम घेता येत नाही, पाच तासांहून अधिक सलग घेता येत नाही, आणि पारा ३७ अंशांवर चढत असेल तेथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपता येत नाही. गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालील मुले सोडून चारांहून अधिक माणसे नकोत. काटेरी लगाम वा अणकुचीदार काठी मना आहे. वैशाखातील लग्नांत किती बग्ग्या हे नियम पाळतात, ते वाचकांनीच आठवावे. दोष केवळ बग्गीवाल्याचा नाही. वरातीस दोन तास उशीर करणारे आपण असतो, आणि तितका वेळ ती घोडी उन्हात उभी असते.

बंदी हा एक मार्ग आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या. पुढे तशाच दिसणाऱ्या विजेच्या गाड्या तेथे आल्या. त्या घोड्यांचे हाल पाहता निर्णयास नावे ठेवता येणार नाहीत. तरीही काकांशी बोलल्यावर एक काळजी मनातून जात नाही. घोडीला काम आहे तोवर चंदी आहे. ज्या दिवशी काम संपते, मग ते न्यायालयाने संपविलेले असो वा वयाने, त्या दिवसापासून तिला कोण खाऊ घालणार? सुरतेच्या पांजरापोळीची कीर्ती जुनी आहे. ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १६८९ सालच्या आपल्या सुरतेच्या प्रवासाचे पुस्तक १६९६ साली छापले, त्यात येथील म्हाताऱ्या व आजारी जनावरांच्या रुग्णालयाचे वर्णन त्याने आश्चर्याने केले आहे. परदेशी माणसाला नवल वाटावे असे हे काम आपल्या नगरीने केले. परंतु म्हातारी घोडी सगळ्याच मालकांच्या हातून तेथवर पोहोचत नाही. पुष्कळदा ती आधी बग्गीतून टांग्यात, टांग्यातून विटांच्या गाडीत विकली जाते आणि प्रत्येक विक्रीत तिचा मालक अधिक गरीब असतो. चांदणी तशी गेली नाही, कारण काकांना ती नव्या घोड्यांस शिकविण्यासाठी लागते. “नाही तर मलाही परवडले नसते,” असे ते सरळ म्हणाले. त्यांचे हे उत्तर मला गोड बोलण्यापेक्षा अधिक पटले.

आता आपल्या मिरवणुकीविषयी. श्रीदत्ताच्या पायाशी चार श्वान आणि पाठीशी गाय आहे; चोवीस गुरूंत त्यांनी अजगर, मासा, भुंगा, कोळी यांनाही स्थान दिले. अशा देवाच्या रथाला घोडी जुंपणे अशोभनीय नाही, असे माझे मत आहे. परंतु मिरवणुकीत घोडी किंवा डीजे-फटाके, यांतून एकच निवडावे लागेल. काकांनी सांगितल्याप्रमाणे फटाक्यांना शिक्षण नाही. युवकांना फटाके सोडवत नसतील तर त्यांनी रथास दोर बांधून तो स्वतः ओढावा. ती सेवा रथयात्रेत मोठमोठे लोक आनंदाने करतात. आणि घोडीच ठरली, तर मिरवणूक सूर्य कलल्यावर निघावी, रथात मूर्ती व पुजारी यांखेरीज कोणी बसू नये, मध्ये विसाव्याची आणि पाण्याची जागा आधी नेमावी. रस्ता कोठे खोदलेला आहे हे दोन दिवस अगोदर चालून पाहावे, कारण आपल्या भागात तो रोज नवा खोदला जातो.

आणखी एक मागणी आहे, आणि ती काही सभासदांना खर्चिक वाटेल. रथाच्या फुलांसाठी जी वर्गणी जमेल तिचा एक भाग चांदणीच्या चंदीसाठी काढून ठेवावा. काकांनी ही मागणी केलेली नाही, उलट ती त्यांना आवडणार नाही अशीच शक्यता अधिक. पण राणी आणि मैना उद्या देवाच्या रथाला शांत उभ्या राहिल्या तर ते चांदणीने शिकविल्यामुळे, आणि तिचे दात आता कडबा चावण्यास पुरत नाहीत. भरडलेला हरभरा, भुसा आणि थोडा गूळ एवढे तिला लागते. पौर्णिमेच्या बैठकीत हा विषय घेण्यास चिटणीसांनी अनुमती दिली आहे. तत्पूर्वी ज्यांना घोड्या पाहावयाच्या असतील त्यांनी काकडआरतीनंतर मंदिराच्या फाटकाशी थांबावे. मी सोबत येईन. मुलांना आणावे, मात्र त्यांनी घोडीच्या मागून जाऊ नये.